नारिंगी नेमका कुठे संपतो?

सोलापुरात थंडी पडली की बांधावर, कंपाउंडच्या भिंतीवर शेपटी थरथरवणारा कृष्ण थिरथिरा हमखास दिसतो. नराचा गळा आणि छाती काळी, पोट नारिंगी. उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या जंगलात नारिंगी पक्षी बघायला जायचं असेल, तर आधी आठवडाभर यालाच दुर्बिणीतून बघा. रंग कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, हे दोन सेकंदांत टिपायची सवय लागते. तिथे त्याहून जास्त वेळ कुणी देत नाही.

काठगोदामपर्यंत रेल्वे जाते. पुढे सातताल, उंची सुमारे १३७० मीटर. हिवाळ्यात वरचे बरेच पक्षी इथे उतरतात. खरा घोळ होतो तो ‘निळी पाठ, नारिंगी पोट’ या वर्णनात. रूफस-बेलीड निल्टावा आणि चेस्टनट-बेलीड रॉक थ्रश, दोघांचे नर असेच आणि दोघांचा गळाही गडद. निल्टावा चिमणीपेक्षा थोडा मोठा, झुडपाच्या सावलीत बसणारा. मानेच्या बाजूला चकाकता निळा ठिपका असतो. रॉक थ्रश जवळपास साळुंकीएवढा, उघड्या फांदीवर ताठ बसतो. गळा पांढरा आणि नारिंगी फक्त कुशीला असेल, तर तो हिमालयन ब्लूटेल. त्याच्या मादीलाही नारिंगी कूस आणि निळसर शेपटी असते, म्हणून तिला ‘तपकिरी काहीतरी’ म्हणून सोडू नका.

निखारांच्या (मिनिव्हेट) थव्यात नर लाल आणि मादी पिवळी, पण उलट्या उजेडात लालही नारिंगी वाटतो. तेव्हा रंग सोडा, पंख बघा. लाल पट्टा उलट्या यू अक्षरासारखा असेल तर लाँग-टेल्ड. पट्ट्यापासून सुटा लाल ठिपका असेल तर स्कार्लेट.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो, पण हात हलतो आणि डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ ऐवजी ४.२ मिलिमीटरच रुंद मिळतो. बांजच्या (हिमालयातला ओक) दाट सावलीत हा फरक जाणवतो. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणं) हिरव्या सावलीत फसतं, म्हणून रॉ फाइल घ्या, तिच्यात रंग नंतर दुरुस्त करता येतो. ऊन थेट पिसांवर असेल तर एक्स्पोजर ०.३ ते ०.७ स्टॉप कमी करा. नाहीतर फोटोतला लाल चॅनल आधी फुटतो, म्हणजे लाल रंगाचे बारकावे जातात, आणि छातीवर पिसंच उरत नाहीत, नुसता सपाट डाग येतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही हे होतं, त्यामुळे लाल रंगाचा वेगळा बघा. रेकॉर्ड केलेला कॉल वाजवून पक्षी बोलवायचा मोह टाळा, विणीच्या काळात तर नकोच.

नारिंगी डोक्याच्या कस्तुरासाठी मात्र उन्हाळ्यात जावं लागतं. महाराष्ट्रातल्या कस्तुराच्या पांढऱ्या गालावर दोन काळसर उभ्या पट्ट्या असतात. कुमाऊँतल्याचं डोकं सगळंच नारिंगी. तो जमिनीवर पाचोळा उलटत फिरतो. खसखस ऐकू आली की पुढे पाऊल टाकू नका. उडालाच तर जवळच्या खालच्या फांद्या बघा, तिथेच गप्प बसलेला असतो.