सात नंबरचा खड्डा

कोकणच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं साधारण ४५ ते ६० दिवसांत बाहेर येतात. हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या घरट्यांतली अंडी आणून पुरतात त्या जागी, सहा नंबरच्या खड्ड्यातली ५३व्या दिवशी निघून समुद्रात गेलीही. शेजारचा सात नंबर मात्र ६३ दिवस झाले तरी गप्पच. त्या सकाळी तो उघडायचं ठरलं.

असा खड्डा हातानेच उघडायचा. फावडं लावायचं नाही, कारण तळाशी एखादं जिवंत पिल्लू अडकलेलं असू शकतं. इथे तसं काहीच नव्हतं. ११८ अंडी ठेवली होती, ११८च निघाली. पिवळट, पिचकलेली, उग्र वासाची.

पहिला संशय उन्हाचा. पण वाळू फार तापली असती तर पूर्ण वाढलेली पिल्लं अंड्यातच मेलेली सापडली असती, आणि त्याच जाळीच्या सावलीतला सहा नंबरही वाचला नसता. मग टरफलांकडे नीट पाहिलं. बहुतेकांवर चवलीच्या नाण्याएवढा खडूसारखा पांढरा डाग होता. म्हणजे अंडी फळलेली होती. गर्भ आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने चिकटतो आणि तिथे हा डाग उमटून पसरत जातो. वांझ अंड्यावर तो येत नाही. इथे डाग लहानच राहिलेले, आणि त्यांची तोंडं दहा दिशांना: कुठे कुशीला, कुठे थेट खाली. अंडी रुजल्यावर फिरली होती.

नोंदवही काढली. मादी आदल्या रात्री येऊन गेलेली, पण भरतीने तिचा माग पुसला. दुपारी कुत्री उकरू लागली तेव्हा घरटं कळलं. अंडी उचलली संध्याकाळी पाचला, आणि बादली तीन किलोमीटर मोटरसायकलवरून आली. घरटं भरतीरेषेच्या खाली होतं, हलवणं भागच होतं. चुकलं ते हलवण्याच्या तऱ्हेत.

अंडी घातल्यापासून पाच-सहा तासांच्या आत हलवली तर फारसा धोका नसतो. तेवढा वेळ टळला असेल आणि घरटं उधाणाच्या पाण्याच्या वर असेल, तर ते जागीच ठेवून वर जाळीचा पिंजरा लावावा. हलवायचंच झालं तर प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर मऊ शिशाच्या पेन्सिलीने खूण करायची आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवायची. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच ओलसर वाळू, वर ओलं गोणपाट. बादली हातात धरून चालत न्यायची, कितीही लांब असलं तरी. मूळ घरट्याची खोली टेपने मोजायची (बहुधा ४५ सेंटीमीटरच्या आसपास भरते) आणि नवा खड्डा तेवढाच, तळाशी सुरईसारखा फुगीर. सहा नंबरला हे सगळं झालं होतं, पहाटे चारच्या आत.

एक घरटं गेलं तर काय एवढं, ओडिशात लाखो माद्या येतात, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेच्या लाल यादीत हे कासव 'व्हल्नरेबल' म्हणजे असुरक्षित आहे, ध्रुवीय अस्वलाच्याच पायरीवर. २०१५च्या मूल्यमापनात अस्वलं सुमारे २६,००० धरली आहेत. समुद्रातला बर्फ आटत जाऊन पुढच्या तीन पिढ्यांत ती घटतील, या अंदाजावर त्यांचा दर्जा ठरला. रिडलेचा दर्जा मात्र होऊन गेलेल्या घटीवर ठरला आहे. ओडिशातल्या झुंडी पाहून ती घट दिसत नाही. आमच्याकडे मादी एकेकटी येते, आणि तिची शंभरावर अंडी एका बादलीत मावतात.

दुपारपर्यंत सगळी अंडी मोजून, वर्गवारी करून सुरूच्या बनापलीकडे खोल पुरली. सात नंबरची वाळू पूर्ण उपसली, कारण सडलेल्या अंड्यांची बुरशी शेजारच्या घरट्यात पसरते. ती जागा या हंगामापुरती बंद ठेवली आणि आठ नंबर तिथून एक मीटर सोडून आखला.