न्यूट्रोफिलला थांबायचं कसं कळतं?

बोटात कुसळ रुतून राहिलं की दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, गरम लागतं, ठसठसतं आणि टोकाला पिवळा पू दिसायला लागतो. तो पू म्हणजे बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा साठा, हे शाळेत वाचलेलं असतं आपण, पण एवढ्या पेशी नेमक्या तिथेच कशा जमतात आणि मुख्य म्हणजे थांबतात कशा, हे वाचायला घेतलं आणि मी त्यात पार गुंतून गेले.

त्यांना बोलावणारा एक मोठा निरोप्या चक्क फॅटपासून बनतो. पेशीच्या आवरणातून ॲराकिडॉनिक ॲसिड सुटतं, त्यावर दोन-तीन एन्झाइम काम करतात आणि ल्युकोट्राइन बी४ तयार होतं. (याच्याच भावंडांचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची निरोप घेणारी जागा, मॉन्टेलुकास्ट अडवतं, दम्याच्या पेशंट्सना ही गोळी माहीत असेल. या सगळ्या घराण्यावरच्या कामासाठी स्वीडनचे शास्त्रज्ञ सॅम्युएलसन यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं.) न्यूट्रोफिलच्या अंगावर बी४ साठी बीएलटी१ नावाचा रिसेप्टर असतो, त्याला बी४ लागलं की पेशी त्या दिशेने सुटते, आणि गंमत म्हणजे तिथे पोचलेली पेशी स्वतःच आणखी बी४ सोडते, मग अजून पेशी येतात, त्याही सोडतात, अशी झुंडच जमते. २०१३ मध्ये उंदराच्या त्वचेत हे मायक्रोस्कोपखाली जिवंत बघितलं गेलंय!

मग ही झुंड वाढतच का जात नाही? तर आजूबाजूला बी४ खूप झालं की जीआरके२ नावाचं एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटवतं, रिसेप्टर बहिरा होतो आणि पेशी आहे तिथे थबकते. म्हणजे ज्या निरोपाने बोलावलं तोच जास्त झाला की थांबवतो, हे मला फारच भारी वाटलं.

फ्रायबुर्गच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधल्या लेमरमान यांच्या ग्रुपने २०२१ मध्ये न्यूट्रोफिलमध्ये जीआरके२ नसलेले उंदीर वापरून बघितलं. पेशी थांबेनात, जास्त जागा पालथी घालायला लागल्या, आता बॅक्टेरिया पटापट मरतील असंच कुणालाही वाटेल, पण झालं उलटं, कारण एका जागी घट्ट जमून बॅक्टेरियाला कोंडून धरणारं कुणी उरलंच नाही.

आणि बोलावणंच बंद केलं तर? तेही करून झालंय. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुप्फुसात न्यूट्रोफिलचा खच पडतो आणि त्यानेच फुप्फुस खराब होतं, म्हणून बीएलटी१ अडवणाऱ्या औषधाची ट्रायल घेतली, पण प्रौढ पेशंट्सचा फुप्फुसाचा त्रास वाढायला लागला आणि ती मध्येच थांबवावी लागली. नंतर तेच औषध उंदरांवर वापरून बघितलं तर न्यूट्रोफिल कमी झाले होते पण स्युडोमोनास बॅक्टेरिया रक्तात जास्त पोचत होते. त्यामुळे रिसेप्टर सरसकट बंद करण्यापेक्षा तो बहिरा कधी होतो ती वेळच थोडी मागेपुढे करता आली तर, यावर काम व्हावं असं मला फार मनापासून वाटतं.