चेंडू कोणाच्या डोळ्यांसमोर होता?

माझा मुलगा मुलांच्या लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळायला लागला आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी घरात क्रिकेटच्या बरोबरीने न्यू यॉर्क मेट्स हा बेसबॉल संघही रोजच्या जेवणात येऊन बसला. त्याच्या दहाव्या वाढदिवसाला दुकानातली नवी कोरी वस्तू द्यायची नाही, खऱ्या सामन्यात खऱ्या खेळाडूने वापरलेलं काहीतरी द्यायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्यामागे बाबांची एक वही होती. रणजीचे सामने बघायला गेले की सीमारेषेपाशी ताटकळत उभं राहून त्यांनी घेतलेल्या सह्या तिच्यात होत्या. त्या वहीला कधी प्रमाणपत्र लागलं नाही. सही करणारा हात बाबांनी स्वतः पाहिला होता.

मी घेतली ती बॅट ६५० डॉलरची. २०००च्या दशकात खेळून निवृत्त झालेल्या एका खेळाडूची, ॲश लाकडाची, मुठीवर पकडीसाठी लावतात ते काळं चिकट पाइन टार, पुढच्या भागावर चेंडूच्या लालसर शिलाईचे ठसे. सोबत जाड कागदावरचं प्रमाणपत्र, त्यावर उठावदार शिक्का आणि झोकदार सही. शिक्का बघूनच मी पैसे दिले, हे कबूल करायला हवं.

शंका निघाली ती ऑफिसमध्ये. माझा एक सहकारी वीस वर्षांपासून बेसबॉलच्या वस्तू जमवतो. त्याला मोठ्या उत्साहाने मी फोटो दाखवले. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ही बॅट सामन्यात वापरताना कोणी पाहिली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन ते प्रमाणपत्र पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचलं. त्यात लिहिलं होतं की बॅटची लांबी, वजन आणि मॉडेल त्या खेळाडूने कारखान्याकडे नोंदवलेल्या मागणीशी जुळतं, बॅटवरच्या खुणा सामन्यातल्या वापराशी सुसंगत वाटतात, आणि हे सगळं ‘आमच्या मते’. बॅट हातात घेऊन तो मैदानात उतरल्याचं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तशी बॅट त्याच्यासाठी बनली असेल. पण मग तिने नुसता सराव झाला असेल, किंवा ती एखाद्या सहकाऱ्याने वापरली असेल. खुणा सगळीकडे सारख्याच उमटतात.

सहकाऱ्याने मग मला फोटो जुळवायला शिकवलं. वृत्तसंस्थांच्या संग्रहात सामन्यांचे फार बारकाईचे फोटो असतात. आपली वस्तू त्यातल्या एखाद्या फोटोशी, फक्त तिच्याच अंगावर असू शकणाऱ्या खुणांवरून जुळवायची. पट्ट्यापट्ट्यांची जर्सी असेल तर नावाचं अक्षर नेमकं कोणत्या पट्टीवर सुरू होतं आणि शिवणीपाशी पट्ट्या कशा मिळतात ते बघतात, कारण दोन जर्सी हुबेहूब सारख्या शिवल्या जात नाहीत. २०२४ मध्ये जुन्या जमान्यातला दिग्गज खेळाडू बेब रूथ याची १९३२च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेतली, जर्सी लिलावात २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली, त्यामागे फोटोंची अशीच जुळवाजुळव होती. बॅटवर बघायच्या त्या लाकडातल्या नैसर्गिक रेषा.

माझ्या बॅटवर कंपनीच्या छापाच्या वर, साधारण दोन बोटांवर, एक बारीक तपकिरी गाठ होती. तिला वळसा घालून दोन रेषा जवळ येत आणि पुन्हा फाकत, वाहत्या पाण्यात दगड असावा तशा. ही खूण सापडली की काम झालं, असं मला वाटलं. तीन आठवडे, रात्री जेवणं झाल्यावर, टेबलावर बॅट आडवी ठेवून, एका हातात भिंग घेऊन मी फोटो मोठे करून बघत होतो. बॅट फिरत असतानाचे फोटो कामाचे नसतात, सगळं पुसट येतं. आपली पाळी यायची वाट बघत खेळाडू बॅट खांद्यावर टेकवून उभा असतो, ते फोटो हवेत. असे चाळीसच्या आसपास मिळाले. गाठ एकातही नव्हती. शिवाय मुठीच्या टोकावर मार्करने लिहिलेला त्याचा सातचा आकडा प्रत्येक फोटोत मध्ये आडवी रेघ असलेला होता. माझ्या बॅटवर साधा सात.

यावरून बॅट खोटी ठरत नाही. एका हंगामात खेळाडूच्या हातून डझनांनी बॅटी जातात, आणि प्रत्येकीचा फोटो निघालेला नसतो. पण ती खरी असल्याचंही काही हाती लागलं नाही. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की परत करायची ३० दिवसांची मुदत संपली आहे आणि प्रमाणपत्र दिलेलं आहे. क्रेडिट कार्डाच्या बँकेनेही तेच म्हटलं: वर्णनात कबूल केलेलं प्रमाणपत्र तुम्हाला मिळालं. दोघांचंही कागदोपत्री बरोबर होतं, आणि माझा संताप त्यामुळे जास्तच झाला. मत विकायला बंदी नाही, पण पुराव्याच्या भावाने मत विकणं मला आजही चुकीचं वाटतं.

या धंद्यात एवढा अविश्वास का, हे त्यानंतर वाचून कळलं. १९९०च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने बनावट सह्यांच्या टोळ्यांचा माग काढला. सॅन डिएगोच्या संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगने स्वतःची व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला मैदानाच्या कडेला निदान एक माणूस बसतो. तो सध्याचा किंवा निवृत्त पोलीस खात्यातला असतो. त्याच्या डोळ्यांसमोर खेळातून बाहेर आलेल्या वस्तूवरच तो होलोग्रामचा स्टिकर लावतो आणि तिथल्या तिथे नोंद करतो. होलोग्राम काढायला गेलं तर फाटतो. त्यावरचा क्रमांक कोणीही लीगच्या संकेतस्थळावर टाकून बघू शकतो. चेंडू त्याच्या नजरेआड झाला, प्रेक्षकांत गेला, की शिक्का नाही, मग तो होमरनचा, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराचा, का असेना. म्हणूनच २०२२ मध्ये न्यू यॉर्क यांकीजचा ॲरन जज हंगामातल्या ६२व्या होमरनच्या उंबरठ्यावर असताना, चेंडू प्रेक्षकांत गेला तरी ओळखता यावा म्हणून, त्याला आधीच खुणा केलेले वेगळे चेंडू टाकले जात होते. मला या व्यवस्थेचं हेच आवडतं: जे पाहिलं नाही त्याबद्दल ती बोलत नाही.

तरी होलोग्राम दिसला की डोळे मिटून पैसे द्यायचे नाहीत, हे मी दुसऱ्या वेळी शिकलो. एकाने ‘फलंदाजाला बाद करणारा चेंडू’ म्हणून २०० डॉलरना एक चेंडू विकायला ठेवला होता. होलोग्राम अस्सल होता. क्रमांक टाकला तर नोंद निघाली: त्याच सामन्यातला, त्याच पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, चेंडू, पण मातीत टप्पा पडून बदललेला. चेंडू खरा, विक्रेत्याची गोष्ट मात्र वेगळी. मी तो सोडून दिला.

शेवटी मुलालाच घेऊन सिटी फील्डला, मेट्सच्या मैदानावर गेलो. तिथे मेट्सच्याच दुकानात सामन्यांत वापरलेल्या वस्तू मिळतात. ८५ डॉलरचा, फाउल झालेला, म्हणजे हद्दीबाहेर मारला गेलेला, एक चेंडू मुलाने निवडला. पांढराशुभ्र नव्हता, किंचित मातकट होता. सामन्याआधी प्रत्येक चेंडूवर न्यू जर्सीतल्याच, डेलावेअर नदीच्या परिसरातला चिखल चोळतात, पिचरच्या बोटांना पकड मिळावी म्हणून. आपल्याच राज्याची माती आपल्या चेंडूवर आहे हे ऐकून मुलगा इतका हरखला की नखाने शिलाईतला कण उकरून बघायला लागला, मी हात धरला. क्रमांक त्यानेच फोनवर टाकला. पिचर, फलंदाज, डाव, सगळं मोठ्याने वाचलं आणि वर बघून विचारलं, “बाबा, हे बघणारा माणूस आत्ता इथे असेल का?”

त्या दिवशीही सामना होता. आम्ही खेळाडू बसतात त्या डगआउटच्या बाजूला जागा घेतल्या होत्या. तिसऱ्या डावात एक चेंडू टप्पा खाऊन फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात गेला, पंचाने बदलला, चेंडू ने-आण करणाऱ्या मुलाने तो बाजूला दिला, आणि तिथे बसलेल्या एका माणसाने तो गुडघ्यावर धरून त्यावर काहीतरी दाबून चिकटवलं. माझा मुलगा उभा राहून बघत होता. पुढचे दोन डाव त्याचं खेळाकडे लक्षच नव्हतं.

बॅट अजून घरी आहे, कपाटामागे. विकत घ्यायला दोघांनी विचारलं होतं, प्रमाणपत्रासकट. मी नाही म्हटलं. मुठीच्या खाली एक पांढरी पट्टी चिकटवून त्यावर काळ्या शाईने लिहून ठेवलंय: ‘सामन्यात वापरल्याचा पुरावा नाही.’ प्रमाणपत्र फाडलं नाही, तेही तिथेच आहे, ‘आमच्या मते’ या शब्दांखाली रेघ मारलेलं.