आत्याची सही

गेल्या चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधून झाल्यावर आत्याने ट्रंकेतून माहेरच्या मालमत्तेवरच्या आपल्या हक्कसोड पत्राची पिवळी पडलेली प्रत काढली आणि म्हणाली, "वाच गो, कशावर सही केली ते मला कोणी सांगितलेच नव्हते."

पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी संहितेतून गोव्यात आलेल्या आणि २०१२च्या वारसा कायद्यानेही कायम ठेवलेल्या तत्त्वानुसार मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, मुलांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असल्याने मृत्युपत्र करूनही आईवडिलांना तिला सहजासहजी डावलता येत नाही, आणि लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर पत्नी सामाईक मालमत्तेत निम्म्याची धनी असते. देशाच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत समान वाटा मिळायला २००५ उजाडले! तरीही माहेर तुटेल या धास्तीने आमच्याकडे सह्या होतच राहतात, आणि याचे मला फार दुःख होते.

म्हणून आमच्या महिला मंडळात हळदीकुंकवानंतर मी एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा वाचायला शिकवते. परवा एका वहिनीने कब्जेदारांच्या रकान्यावरून दोनदा बोट फिरवले. तिचे नाव नव्हते. तिने सर्वे नंबर वहीत उतरवून घेतला आणि मामलेदार कचेरी किती वाजता उघडते ते विचारले.