मालवणचे ऊन आणि रापणीचा दोर

समुद्रकिनारी सुटी घालवायची म्हटले की बहुतेकांची पावले गोव्याकडे वळतात. आम्ही दोघींनी मात्र त्याच्या अलीकडेच, कुडाळला उतरायचे ठरवले. माझी ही मैत्रीण मूळची यवतमाळची, वसतिगृहात एकाच खोलीत राहिल्यापासूनची. मागचा बराच काळ तिने आईच्या आजारपणात काढला होता. आई आता हिंडू-फिरू लागली आणि भाऊ घरी थांबायला आला, तेव्हा मी तिला फोन करून एवढेच सांगितले की कोकणकन्येची तिकिटे काढते आहे, तू फक्त ठाण्याला ये.

सकाळी कुडाळला उतरून मालवणमार्गे तारकर्लीला पोहोचलो तेव्हा पौषातले कोवळे ऊन माडांच्या झावळ्यांतून अंगणात उतरले होते. पावसाळ्यात गढूळ आणि खवळलेला असणारा हा समुद्र या दिवसांत इतका निवळतो की कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तरी पायाखालची वाळू दिसते. दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते. अकरानंतर वाळूवर अनवाणी चालणे कठीण होते. त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ किनाऱ्यावर आणि दुपार सुरूच्या सावलीत, असा आमचा दिनक्रम आपोआप ठरून गेला. त्या सावलीत मैत्रीण कित्येक महिन्यांनी सलग बोलली आणि तितकीच सलग झोपलीही.

तारकर्लीला येणारे बहुतेक जण पाण्यातल्या खेळांच्या ओढीने येतात. माझे मत विचाराल तर इथे पाहायची पहिली गोष्ट म्हणजे रापण. सकाळी किनाऱ्यावरून एक होडी जाळे सोडत समुद्रात जाते, मोठे अर्धवर्तुळ घेते आणि बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर आता वाळूवर असतात आणि ते ओढायला दोन रांगा उभ्या राहतात. ओढणारा माणूस पाठमोरा मागे सरत जातो, रांगेच्या शेवटी पोहोचला की दोर सोडतो आणि पुन्हा पाण्याच्या कडेला येऊन नव्याने दोर धरतो. असे फिरत फिरत दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात आणि समुद्रातले अर्धवर्तुळ लहान होत जाते. या कामात गाबीत समाजाची कुटुंबेच्या कुटुंबे असतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात.

आम्ही बाजूला उभ्या राहून पाहत होतो, तेवढ्यात रांगेतले एक आजोबा म्हणाले, "येवा गो, दोरीक हात लावा." मैत्रीण क्षणभरही न थांबता पुढे गेली. ओला दोर वाळूने खरखरीत झालेला होता आणि प्रत्येक लाटेबरोबर समुद्र तो मागे खेचत होता. लाट ओसरली की सगळी रांग मिळून दोन पावले मागे सरे. जाळे जवळ आले तशा डोक्यावर ब्राह्मणी घारी घिरट्या घालू लागल्या. अखेर जाळ्याची खोळ वाळूवर आली, तेव्हा तिच्यात चकाकणारे पेडवे होते, थोडे बांगडे होते आणि काही कुर्ल्या जाळ्याला घट्ट धरून बसल्या होत्या. आजोबांनी ओंजळभर पेडवे मैत्रिणीच्या ओढणीत टाकले आणि म्हणाले, "ह्यो तुमचो वाटो." तिचे तळहात लालबुंद झाले होते आणि ती मनापासून हसत होती. ते हसू मी फार दिवसांनी पाहिले.

एवढ्या माणसांच्या मानाने मासळी थोडीच होती, हे आम्हालाही कळत होते. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनी थवेच्या थवे वरच्यावर उचलतात आणि किनाऱ्यापर्यंत मासळी येतच नाही, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. पर्ससीनवर राज्य शासनाने 2016 साली निर्बंध आणले, तरी हा संघर्ष मिटलेला नाही. ज्या किनाऱ्यावर आपण सुटी घालवायला जातो तिथे कोणाचे तरी पोट चाललेले असते, हे विसरता कामा नये असे मला कळकळीने वाटते. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी त्या पेडव्यांचे तिरफळ घातलेले तिखले केले. भाताबरोबर ते आणि वर सोलकढी, असे जेवण आमच्या दोघींच्याही कायम लक्षात राहील.

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गला होडीने जेमतेम पाव तास लागतो. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. पायाचे दगड पक्के बसावेत म्हणून शिसे ओतल्याचे सांगतात. होडी अगदी जवळ येईपर्यंत महादरवाजा दिसतच नाही, कारण दोन बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हातापायांचा ठसा जपून ठेवला आहे. मैत्रीण मात्र सर्वांत जास्त वेळ थांबली ती विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव अशी त्यांची नावे. चहूबाजूंनी खारा समुद्र असताना या तिन्हींचे पाणी गोड. बेट निवडताना गोड्या पाण्याचा विचार आधी झाला असणार, असे ती म्हणाली आणि मला ते पटले. नंतर आम्ही नागमोडी तटावरून चालत राहिलो. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला तटाच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा, आणि तापलेल्या चिऱ्यांची धग.

शेवटच्या दिवशी देवबागेला गेलो. एका हाताला कर्ली नदी, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांत दडलेली घरे, असे हे गाव आहे. संगमावर नदीचे पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे पाण्याला ओढ असते. पोहायला उतरू नये. होडीने पलीकडच्या भोगव्याला गेलो आणि मोकळ्या किनाऱ्यावर ऊन कलेपर्यंत बसलो.

तिथूनच मैत्रिणीने आईला फोन लावून रापणीची सगळी हकिकत सांगितली. पुढच्या हिवाळ्यात आईंना घेऊन यायचे आमचे ठरले आहे. किल्ल्याच्या होडीत चढणे-उतरणे त्यांना जमेलसे वाटत नाही, पण काकूंच्या घरापासून किनारा चार पावलांवर आहे आणि वाट सपाट आहे. काकूंना तसे सांगूनच आम्ही निघालो.