शंभराला एक

रविवारी दुपारी जेवणं झाली की कोल्हापूर झोपतं. तांबडा-पांढरा पोटात गेल्यावर झोपेशिवाय आणखी काही सुचणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. पण गेल्या रविवारी मीच स्वयंपाकघरातल्या ओट्याशी स्टूल ओढून दुधाचं एक कॅन मातीत पुरत बसलो होतो. कॅन साधारण सव्वाचौदा मिलिमीटर उंच. माती लेकीची, शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेली, गुलाबी.

पुरायचं ते बरोब्बर निम्मं. अर्धं मातीत, अर्धं वर. दोन्ही कानांच्या मधून रेघ जायला पाहिजे. माती कॅनला अशी भिडली पाहिजे की मध्ये केस जायला जागा राहू नये. हे काम टूथपिकनं आणि श्वास रोखून करायचं असतं. मग पेनाच्या मागच्या टोकानं मातीत चार खळगे पाडायचे, म्हणजे साच्याचे दोन भाग पुढं एकमेकांत नीट बसतात. भोवती लेकीच्या ठोकळ्यांची भिंत. त्यात सिलिकॉन उंचावरून, सुतळीएवढ्या बारीक धारेनं सोडायचं. धार ताणली की हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात. आमच्या घरात चहासुद्धा एवढ्या निगुतीनं कुणी ओतत नाही.

कॅन हवंय वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपच्या, टपासाठी. खेळण्याच्या दुकानातून आणलेली जीप १:४३ मापाची, चकचकीत मिलिटरी हिरवी. तिचा रंग खरवडून, मागं शिडी, वर तारेचं कॅरियर, बंपरला दोन डेंट असं करत करत ती गारगोटी रस्त्याची दिसू लागली आहे. (१:४३ हा आडमुठा आकडा खेळण्यातल्या आगगाडीचा. इंग्रजांच्या ओ गेजमध्ये एक फूट म्हणजे सात मिलिमीटर. स्टेशनाबाहेर उभ्या करायच्या मोटारीही मग त्याच मापाच्या झाल्या.) टपावर बारा कॅन हवीत. पहिलं मी एम-सीलचं हातानं केलं. तीन रात्री गेल्या. आणखी अकरा हातानं करण्याएवढं पाप मी केलेलं नाही. म्हणून साचा.

हल्ली कुणी ना कुणी सांगतंच, थ्रीडी प्रिंटरवर काढ की, तासाभरात मिळतील. मिळतील. पण मग रविवारच्या दुपारी मी काय करू?

तर पहिला भाग गोठला, उलटा केला, माती काढून टाकली. आता दुसरा भाग ओतायचा, त्याआधी व्हॅसलीन. व्हॅसलीन विसरलं तर सिलिकॉनला सिलिकॉन असं मिठी मारतं की दोन भागांची एक वीट होते. हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही. तशी एक वीट अजून गच्चीचं दार आपटू नये म्हणून लावलेली आहे, आत जीपच्या आरशासकट.

व्हॅसलीन जागेवर नव्हतं. म्हणून कपाटाचा खालचा खण उघडला. त्या खणात आमच्या घराचा सगळा इतिहास असतो: जुनी लाइट बिलं, बंद पडलेलं घड्याळ, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या किल्ल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं होतं, ते बाजूला सारलं. त्याखाली आबांची स्टीलची पट्टी.

आबा उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. फौंड्रीत वाळूच्या साच्यात लोखंड ओततात ते सगळ्यांनी पाहिलंय. निदान कोल्हापुरात राहून शिरोलीच्या बाजूला कधी गेलंय त्यानं तरी. पण वाळूत तो आकार उमटवायला आधी लाकडाचा एक हुबेहूब भाग लागतो. तो आबा करायचे, सागवानाचा. पंपाची बॉडी, इंजिनाचं फ्लायव्हील, चरकाचा रोल. घरी यायचे ते केसांत भुसा घेऊन. त्या वाळूला ग्रीन सँड म्हणतात आणि ती असते काळीकुट्ट. मी लहानपणी यावरून हटून बसलो होतो. आबा म्हणाले, “ग्रीन म्हंजे वली. वल्या लाकडाला हिरवं म्हणतोस न्हवं? तसं.” एवढ्यावर माझं समाधान झालं. अजून आहे.

त्यांची पट्टी खोटी होती. खोटी म्हणजे मुद्दाम खोटी. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, शंभराला साधारण एक. शंभर मिलिमीटरचा भाग हवा तर लाकूड एकशे एकचं करावं लागतं. प्रत्येक मापाला हा हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचे सेंटिमीटरच मोठे आखलेले असतात. दिसायला चारचौघींसारखी पट्टी, पण तिचे दहा सेंटिमीटर जगाच्या पट्टीवर दहा सेंटिमीटर एक मिलिमीटर भरतात.

ती पट्टी मी सातवीत शाळेत नेली. माझी प्लॅस्टिकची तुटली होती, ही चकचकीत होती, आणि मित्रांवर छाप पडणार होती. भूमितीच्या तासाला दहा सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढायचा होता. आमचे मास्तर वहीत स्वतःची पट्टी लावून तपासणारे. तिन्ही बाजू एकेक मिलिमीटर जास्त. म्हणाले, पुन्हा काढ. पुन्हा काढला. पुन्हा तेवढाच जास्त. तिसऱ्यांदा मी इतक्या काळजीनं काढला की कानशिलं तापली, आणि तिसऱ्यांदाही तेवढाच. मास्तरांना वाटलं पोरगं मुद्दाम करतंय. पट्टी उलटी धरून तळहातावर दोन बसल्या. म्हणजे मार खाल्ला तोही शंभराला एक जास्त मापाच्या पट्टीचा.

घरी येऊन सांगितलं तर आबा आधी हसले आणि मग चिडले. माझ्या हाताला लागलं म्हणून नव्हे. पट्टीला पोचा आला असता म्हणून.

त्या तासानं की काय, मला एक खोड लागली. कुठलीही ओतीव वस्तू हातात आली की मी नखानं तिचा जोड शोधतो. कंगवा, बादलीची कडी, औषधाच्या बाटलीचं बूच, प्लॅस्टिकची चमची. प्रत्येकीवर कुठंतरी ती बारीक रेघ असते, जिथं साच्याचे दोन भाग भेटले होते. कारागीर तरबेज असला तर रेघ लपवतो, पण नख फसत नाही. लग्नात कुणाला गणपतीची मूर्ती भेट द्यायची तर दुकानात मी मूर्तीच्या कानामागून नख फिरवतो आणि बायको चार पावलं लांब जाऊन आपण एकटीच आलो आहोत असं दाखवते.

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांना तर ती रेघ लपवायची कुणी तसदीच घेत नसे. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेले, एका कानापासून खांद्यावरून थेट पायापर्यंत जोड. वर झपाट्यात मारलेला रंग, त्यामुळं अर्ध्यांचे डोळे गालावर. बारा मावळे, बाराही एकाच साच्यातले जुळे, आणि सगळ्यांचा उजवा हात वर. तलवार पहिल्याच दिवशी मोडायची. मग सगळे मावळे किल्ल्यावरून कुणाला तरी हात करताहेत असं दिसायचं. महाराज मात्र वेगळ्या साच्यातले, सिंहासनावर बसलेले आणि मावळ्यांच्या दुप्पट मोठे. मापाचं तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हतं.

असो, कॅनकडं येतो. मागच्या पावसाळ्यात मी एकदा घाई केली होती. रेझीनच्या, म्हणजे साच्यात ओतायच्या पातळ प्लॅस्टिकच्या, दोन बाटल्या सारख्या मापानं मिसळायच्या, ढवळून ओतायच्या, दहा-पंधरा मिनिटांत काम. पण त्या रसायनाला पाण्याचा वास जरी लागला तरी त्यात वायू धरतो आणि ते फुगतं. कोल्हापूरचा जुलै म्हणजे उशीसुद्धा ओली. ओतलेली सहाच्या सहा कॅन फेसाळून साच्याबाहेर आली. बायको म्हणाली, “दूध उतू गेलं वाटतं.” एवढा चांगला विनोद तिला सुचला याचा मला त्या कॅनपेक्षा जास्त त्रास झाला.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली तेव्हा निघाली ती छान निघाली. भिंगाखाली धरली तर प्रत्येक झाकणावर माझ्या अंगठ्याचा ठसा. एम-सील ओलं असताना मी कुठंतरी दाबलं असणार. सिलिकॉननं ते इमानदारीनं उचललं. रेघा न् रेघा. ४३ पटींनी मोठं केलं तर त्या डेअरीत झाकण लावणाऱ्या गड्याचा नुसता अंगठाच पाऊण मीटर रुंद निघेल.

मूळचं कॅन साच्यातून काढताना त्याचा कान मोडला. म्हणून नवा साचा नकलेवरून केला. तो फाटला, म्हणून परवाचा हा तिसरा, नकलेच्या नकलेवरून. रेझीन थोडं आटतं, माझं स्वस्तातलं सिलिकॉनही थोडं आटतं. पहिलं कॅन १४.६ होतं, आताचं १४.३. डोळ्याला कळत नाही, व्हर्नियरला कळतं. आबांची पट्टी लावून बघितली. अर्थात तिच्यावर ते आणखीच तोकडं दिसलं.

आबांनी माझा हा उद्योग सुरुवातीची दोन वर्षं पाहिला. पहिला साचा जीपच्या आरशाचा होता. तळहातावर घेऊन बराच वेळ बघत म्हणाले, “ह्याच गावात बाबूराव पेंटरनी कॅमेरा घडवला. तू आरसा घडीव.” मग चष्मा वर करून, “हवा जायला भोक कुठं ठेवलंस?” ठेवलं नव्हतं. आरशाचा एक कोपरा म्हणूनच भरत नव्हता.

पुढं त्यांच्या कवळीसाठी माप घ्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला ट्रे दाबला. दोन-तीन मिनिटं तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि डोळे माझ्याकडं. मला त्यांचा प्रश्न ऐकू येत होता. ट्रे निघाल्यानिघाल्या तोंड न पुसता विचारलंच, “बाई, हे आटतंय किती?” बाई क्षणभर गोंधळल्या, मग खुलल्या. म्हणाल्या, हे समुद्रातल्या शेवाळापासून करतात, पाणी सुटलं की आटायला लागतं, म्हणून लगेच प्लास्टर भरायचं. आबा खुर्चीतून उठेनात. प्लास्टर भरेपर्यंत थांबले, आणि बाई ट्रे टेबलावर हलवून हलवून बुडबुडे काढायला लागल्या तसं मान डोलवून मला म्हणाले, “शिक जरा.” कवळी मात्र शेवटपर्यंत सैल होते म्हणून तक्रार करत राहिले. दोष कवळीचा नव्हता. पण ते त्यांना कोण सांगणार होतं?

मी पट्टी हातात घेऊन असा खणापुढं बसलेला, तेवढ्यात लेक झोपेतून उठून आली. बाजूला सारलेलं पुडकं तिनं उघडलं. पिवळट प्लास्टर, एक वरचं आणि एक खालचं. दात नाहीतच, नुसत्या हिरड्या, आणि टाळूवरच्या आडव्या वळ्या, अगदी वाळूवर लाट येऊन गेल्यासारख्या.

“हे काय आहे?”

“आजोबा.”

ती बराच वेळ ते फिरवून बघत राहिली. मग कडेवरून हळूच नख फिरवलं. ही खोड तिला मी लावलेली नाही.

“बाबा, ह्याचा साचा निघेल?”

“निघेल. कुठं अडकण्यासारखं काही नाही. एका भागातसुद्धा निघेल.”

“मग काढूया?”

मी ते वर्तमानपत्रात परत गुंडाळलं.

“आधी व्हॅसलीन कुठं ठेवलंय ते बघ.”