टाउनहॉलमधले प्रश्न

कंपनीच्या टाउनहॉलमध्ये, म्हणजे वरिष्ठांनी सर्व कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या सभेत, कर्मचारी सर्वांत जास्त लक्ष देतात ते प्रश्नोत्तरांकडे, आणि वेळ कमी पडला की नेमका तोच भाग आधी कापला जातो. तिमाहीचे आकडे आणि बक्षीससमारंभ आटोपल्यावर उरलेल्या पाच मिनिटांत कोणी हात वर केला नाही, तर सगळे समाधानी आहेत असे मानले जाते. मला हा निष्कर्ष धोक्याचा वाटतो. आपला मॅनेजर शेजारी बसलेला असताना पगारवाढ का रखडली, हे माइक हातात घेऊन विचारणे भल्याभल्यांना जड जाते.

गूगलमध्ये संस्थापक स्वतः दर आठवड्याला अशी सभा घेत, आणि तिच्यासाठी 'डोरी' नावाची अंतर्गत यंत्रणा होती. तिच्यावर कर्मचारी प्रश्न लिहीत, इतर जण त्यांना मते देत आणि अधिक मते मिळालेले प्रश्न आधी घेतले जात, त्यामुळे अवघड प्रश्नाचा भार एकट्यावर पडत नसे. पुढे बातम्या बाहेर फुटू लागल्या, उपस्थितीही घटली, आणि २०१९ मध्ये सुंदर पिचाई यांनी ही सभा महिन्यातून एकदा, मुख्यतः उत्पादने व व्यवसायापुरती ठेवली. इतक्या मोठ्या कंपनीची अडचण मला समजते, तरीही विषयच आखून दिले की मनातले प्रश्न बाहेरच राहतात, असे माझे मत आहे.

आमच्यासारख्या तीन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कारखान्यात तर ॲपपेक्षा कँटीनच्या दाराशी ठेवलेली पेटी अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात मराठी-हिंदीत, नाव न घालता, चिठ्ठी टाकता येते. एका चिठ्ठीत लिहिले होते, 'सेकंड शिफ्ट सुटल्यावर पंचिंगला रांग लागते आणि तोवर बस निघून जाते.' प्लांट हेडनी ती सर्वांसमोर जशीच्या तशी वाचली, बस पंधरा मिनिटे उशिरा सोडण्याचे तिथेच ठरवले, आणि पुढच्या टाउनहॉलची सुरुवात आकड्यांनी न करता मागच्या प्रश्नांचे काय झाले, हे सांगून केली.

त्यानंतर पेटीतल्या चिठ्ठ्यांचा विषय बदलला. कंत्राटी कामगारांना कायम कधी करणार, असे लोक विचारू लागले. त्यावर प्लांट हेडनी आज आपल्याकडे उत्तर नसल्याचे स्पष्ट सांगितले आणि ते कोणत्या तारखेला देणार, हे सूचनाफलकावर लावले.